लोखंडी टार्गेट घ्यायचंय? आधी बंदूक सांगा

कागदावर छर्रे मारून कंटाळा आला की नव्या नेमबाजाला आवाज हवासा वाटतो. मारलं, वाजलं, पुढचं मारलं; दुर्बिणीतून भोक शोधत बसायला नको. इच्छा रास्त आहे. इंदुरात ती पुरी करणंही अवघड नाही: लोहामंडीत जायचं, वजनावर प्लेटचा तुकडा घ्यायचा, वेल्डिंगवाल्याकडून कडी लावून घ्यायची, झालं टार्गेट. एअरगनसाठी हे चालतंही. पुढे मात्र तीच प्लेट कुणीतरी क्लबात .२२ (०.२२ इंच नळीच्या, काडतुसाच्या) बंदुकीपुढे टांगतो, मग दुसरा कुणी .३२ पुढे, आणि तिथून धोका सुरू होतो.

म्हणून दुकानात शिरण्याआधी तीन गोष्टी ठरलेल्या हव्यात. बंदूक कोणती, काडतूस कोणतं, अंतर किती. प्लेटचा दर्जा, जाडी, आकार आणि स्टँड या तिन्हींवरून ठरतात. उलट दिशेने गेलात, म्हणजे आधी प्लेट आणि मग तिच्यावर काय मारता येईल याचा विचार, तर पैसे वाया जातात ते जातातच, डोळेही पणाला लागतात.

कायदा आणि जागा

बोअर (नळीचा आतला व्यास) ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिमीपर्यंत, आणि नळीतून सुटताना छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा कमी असेल तर एअरगनला परवाना लागत नाही. हिशेब करून पाहा: अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २८० मीटर वेगाने सुटला की ऊर्जा होते १९.६ ज्यूल. तेव्हा दुकानदार छाती फुगवून '३६० मीटरचा स्पीड' सांगत असेल आणि तो अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्याला खरंच मिळत असेल, तर ती बंदूक ३२ ज्यूलची झाली, म्हणजे परवान्याच्या कक्षेत गेली. वेगाच्या आकड्यावर भाळू नका, ऊर्जेचा आकडा कागदावर मागा.

.२२ आणि त्यापुढची सगळी हत्यारं शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांखाली येतात. त्यांचा सराव मान्यताप्राप्त रेंजवरच करायचा. खंडवा रोडवर आपलं फार्महाउस आहे, परवाना आहे, मागे टेकडी आहे, एवढ्यावर तिथे प्लेट टांगायची नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर इतरांच्या जिवाला धोका होईल असा बेफिकीर गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

रेंजवरही लोखंड चालेलच असं नाही. बंदिस्त, इनडोअर रेंजवर, काँक्रीटच्या भिंतींमध्ये, ते बहुधा नाकारलंच जातं आणि ते योग्यच आहे. प्लेट बनवायला टाकण्याआधी रेंज ऑफिसरला विचारा: कोणतं हत्यार, कमीत कमी किती अंतर, प्लेट कुठे उभी करायची. महूच्या लष्करी रेंजवर किंवा रेवतीच्या बीएसएफ रेंजवर काय उभं असतं याच्या ऐकीव गोष्टींवरून आपलं टार्गेट ठरवू नका. तिथली काडतुसं वेगळी, अंतरं वेगळी, शिस्त वेगळी.

जिल्हा, राज्य स्पर्धा डोक्यात असेल तर आणखी एक सांगतो. महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये तयार झालेल्या विजय कुमार यांचं २०१२ चं लंडनचं रौप्य असो, की कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसळेचं २०२४ चं पॅरिसचं कांस्य, ही पदकं गुण मोजणाऱ्या टार्गेटवरची आहेत. दहा मीटर एअर रायफलमधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. लोखंडी प्लेट 'लागलं' किंवा 'चुकलं' एवढंच सांगते. दोन मिलिमीटर डावीकडे गेलं हे ती सांगत नाही. त्यामुळे कागद सोडू नका. लोखंड लय, वेग आणि ट्रिगरवरचा भरवसा वाढवायला चांगलं, आणि खरं सांगायचं तर मजेसाठी.

पोलाद कोणतं

हा भाग नीट समजून घ्या.

लोहामंडीत 'एमएस' म्हणून जे मिळतं ते साधं बांधकामाचं पोलाद. त्याचा कठीणपणा ब्रिनेल मापात साधारण १२० ते १५० असतो. गोळी अशा प्लेटवर आदळली की ती पोलादात रुतते आणि वाटीसारखा खड्डा पडतो, कडा वर उचललेल्या. पुढची गोळी त्या वाटीत शिरली की शिशाचे, जॅकेटचे (गोळीवरच्या धातूच्या आवरणाचे) तुकडे वाटीच्या बाकाने वळून परत फिरतात. कुणाकडे? जिकडून आले तिकडे, म्हणजे तुमच्याकडे.

कठीण आणि सपाट प्लेटवर तसं होत नाही. गोळी फुटते, चपटी होते आणि तिचे तुकडे प्लेटच्या पृष्ठभागालगत, जेमतेम वीस अंशांच्या आत, चहूबाजूंना उडतात. तुकडे तेवढेच, पण ते कुठे जाणार हे आधीच माहीत असतं, आणि त्या दिशेला कुणी उभं राहू नये अशी व्यवस्था करता येते. चांगल्या प्लेटचं काम एवढंच आहे: सपाट राहणं. खड्डा पडला की तिचं काम संपलं.

यासाठी झीज सहन करणारं, कडक केलेलं पोलाद लागतं. नेमबाजीच्या जगात त्याला 'एआर ५००' म्हणतात. आपल्याकडे बाजारात 'हार्डॉक्स ५००' हे नाव जास्त चालतं. याचा कठीणपणा ४७० ते ५३० ब्रिनेल. डंपरच्या आतला पत्रा, पोकलेनच्या बकेटचे भाग अशा कामांना हेच पोलाद वापरतात, त्यामुळे त्याचे उरलेले तुकडे भंगारातही फिरतात. आणि इथेच फसवणूक होते. 'भिया, असली हार्डॉक्स है' हे वाक्य म्हणजे पुरावा नाही. प्लेटवर छापलेला हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या घाण्याचा क्रमांक, पाहा, त्याचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, दोन्ही जुळतात का बघा. कानस मारून पाहिलीत तर एमएस लगेच घासलं जातं आणि कठीण प्लेटवर कानस घसरते. यावरून एमएस ओळखू येतं, ४०० की ५०० हे मात्र कळत नाही. ४०० किंवा ४५० दर्जाचं पोलाद .२२ ला आणि पिस्तुलाला चालतं. रायफलपुढे ते लावू नका.

कुणी ट्रकच्या कमानीचा पाटा सुचवेल, कुणी जुन्या गॅस सिलिंडरचा तळ, कुणी डिस्कचा नांगर. सगळ्यांना नाही म्हणा. वाकडा पृष्ठभाग तुकडे कुठे फेकेल याचा अंदाजच येत नाही.

जाडी: सुताचा हिशेब

लोहामंडीत आणि फॅब्रिकेशनच्या दुकानांत अजून सूत चालतो. एक सूत म्हणजे पाव इंचाचा निम्मा भाग, तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. तेवढं लक्षात ठेवलं की पुढचं सोपं.

एअरगनला एमएसची एक ते दीड सूत, म्हणजे तीन ते पाच मिमीची प्लेट पुरते. छर्रा मऊ शिशाचा, ऊर्जा वीस ज्यूलच्या आत. तो प्लेटला काही करत नाही. त्याहून पातळ पत्रा घेतला तर नीट वाजत नाही, थडथडतो आणि वाकतो.

.२२ लाँग रायफलची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला ३३० मीटरच्या घरात, ऊर्जा साधारण १४० ज्यूल. एअरगनच्या सातपट. इथून पुढे एमएस बंद. कडक पोलादाची दोन सुती, सहा मिमीची प्लेट घ्या. पिस्तूल, रिव्हॉल्व्हरला तीन सूत, म्हणजे साडेनऊ-दहा मिमी. मोठ्या रायफलला चार सूत. शंभर मीटरवर तीन सुती प्लेटही गोळी थोपवते, पण सततच्या माराने ती हळूहळू वाकून परातीसारखी होते. चार सुती जास्त टिकते.

वजनाचाही विचार करा, कारण उचलून न्यायचं तुम्हालाच आहे. दहा मिमी जाड, तीस सेंटिमीटर व्यासाची गोल प्लेट साडेपाच किलोची होते, वीस सेंटिमीटरची अडीच किलोची. भाव वजनावर असतो, तेव्हा मोठी प्लेट घेण्याची हौस खिशालाही जाणवते.

कापून घेताना एकच अट: लेझर, वॉटरजेट किंवा निदान चांगला प्लाझ्मा. सांवेर रोडला आणि पीथमपूरला ही कामं करणारे आहेत. साधी गॅस कटिंग नको. हे पोलाद २५० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की त्याची कठीणता उतरू लागते आणि गॅसच्या ज्योतीने कडेची चांगली रुंद पट्टी मऊ पडते. याच कारणाने प्लेटवर कडी, नट, हुक काहीही वेल्ड करायचं नाही, मागच्या बाजूनेसुद्धा नाही. वेल्डिंगवाला म्हणेल 'एक टाका मारतो, कळणारही नाही'. त्या टाक्यापुढच्या जागेवर गोळी बसली की कळतं. बोल्टची भोकं कटिंगच्या वेळीच पाडून घ्या, साध्या ड्रिलने या पोलादात भोक पाडणं म्हणजे बिट जाळणं. भोक चौकोनी ठेवलं तर गोल डोक्याचा कॅरेज बोल्ट त्यात घट्ट बसतो, फिरत नाही, आणि समोरून फक्त गुळगुळीत डोकं दिसतं.

काडतूस तपासा

पोलादी गाभ्याची किंवा चिलखतभेदी गोळी कोणत्याही प्लेटवर नाही. खिशात एक चुंबक ठेवा; गोळीला तो चिकटला तर ते काडतूस प्लेटसाठी नाही, मग आतला गाभा पोलादी असो की नुसतं जॅकेट. एअर पिस्तुलात काही जण पोलादी बीबी, म्हणजे बारीक गोल गोळी, वापरतात. ती कठीण प्लेटवरून जवळजवळ त्याच वेगाने परत येते. एअरगनसाठी फक्त शिशाचे छर्रे.

वेग दोन्ही टोकांना त्रास देतो. प्लेटवर आदळताना सेकंदाला ९०० मीटरच्या वर असलेली रायफलची गोळी ५०० दर्जाच्या प्लेटलाही खड्डा पाडते. अशा काडतुसाला अंतर वाढवणं हाच उपाय. दुसरं टोक फारसं कुणी सांगत नाही आणि आपल्याकडे तेच जास्त भेटतं. .३२ रिव्हॉल्व्हरची शिशाची गोळी, विशेषतः सपाट तोंडाची स्पर्धेची वॉडकटर, संथ असते. सेकंदाला २३० मीटरच्या खाली गोळी फुटायच्या ऐवजी चपटी होऊन अख्खीच्या अख्खी उसळू शकते. अशा काडतुसाला अंतर पंधरा मीटरच्या पुढे ठेवा आणि प्लेट जास्त झुकवा. मला विचाराल तर वॉडकटर कागदासाठीच राहू द्या.

अंतरं: एअरगन दहा मीटर, पिस्तूल किमान दहा, .२२ रायफल पंचवीसच्या पुढे, मोठी रायफल शंभरच्या आत कधीच नाही. स्पर्धांच्या नियमांत पिस्तुलासाठी सात मीटरची मर्यादा आढळते, पण ती सरावलेल्यांसाठी आणि देखरेखीखालची आहे.

आकार

पहिली प्लेट गोल घ्या. माणसाच्या आकृतीची, ससा-कोंबड्याच्या आकाराची टार्गेटं दिसायला छान असतात, पण कोपरे आणि अरुंद भाग जास्त म्हणजे कडेवर गोळी बसण्याची शक्यता जास्त, आणि कडेवरून तुकडा कुठेही जातो. कोंबडी, डुक्कर, टर्की आणि मेंढा यांच्या लोखंडी आकृत्या पाडण्याचा खेळ मेक्सिकोतून आला. त्यात छोट्या बोअरसाठी ४०, ६०, ७७ आणि १०० मीटर अशी अंतरं असतात. पुढे हात बसला की त्याकडे वळा.

मापाचा ठोकताळा असा: एअरगनला दहा मीटरवर चार ते पाच सेंटिमीटर, .२२ ला पन्नासवर पंधरा ते वीस, पिस्तुलाला पंधरावर वीस ते तीस, रायफलला शंभरावर तीस. नवशिक्याने मोठी घ्यावी. बायथलॉनमध्ये, म्हणजे बर्फावरचं स्कीइंग आणि नेमबाजी यांच्या जोडस्पर्धेत, .२२ ने पन्नास मीटरवर उभं राहून मारायचं टार्गेट ११५ मिमीचं असतं आणि आडवं पडून मारायचं ४५ मिमीचं, ते ऑलिंपिकवाल्यांसाठी.

एअरगनसाठी दोरी ओढून पुन्हा उभं करता येणारं टार्गेट मिळालं तर अवश्य घ्या. दर वेळी पुढे चालत जावं लागत नाही, आणि बंदूक भरलेली असताना कुणी पुढे जाण्याचा प्रश्नही मिटतो. आपोआप फिरणारे स्पिनर पहिले आठ दिवस आवडतात, मग कोपऱ्यात पडतात.

टांगणं आणि स्टँड

प्लेट सरळ उभी नको, तिचं तोंड किंचित जमिनीकडे हवं. साधारण वीस अंश झुकलेली प्लेट बरेचसे तुकडे खाली मातीत पाठवते. हे साधायची युक्ती सोपी आहे. बोल्ट लांब घ्या, प्लेटच्या मागे दोन-तीन वॉशर किंवा नळीचा तुकडा घाला, आणि साखळी त्याच्या मागे अडकवा. टांगण्याचा बिंदू प्लेटच्या मागे गेला की प्लेटचा खालचा भाग आपोआप मागे सरकतो आणि तोंड खाली वळतं. शिवाय साखळी प्लेटच्या आड लपते. मागून नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) लावा, साधा नट दणक्यांनी सैल होतो.

साखळीची कडी गोळी लागून तुटते, तुकडा उडतो. त्यापेक्षा जुन्या कन्व्हेयर बेल्टचा किंवा जाड फायर होजचा पट्टा बरा. गोळी त्यातून आरपार जाते, पट्टा टिकतो. फाटला की बदलायचा.

टांगलेली प्लेट मागे झुलते आणि माराचा जोर शोषते. स्टँडला घट्ट आवळलेली प्लेट तो जोर बोल्टवर आणि स्टँडवर टाकते. घट्ट बसवायचीच असेल तर मध्ये जाड स्प्रिंग किंवा रबर द्या.

स्टँडच्या बाबतीत लोक उलटा विचार करतात. प्लेट महाग म्हणून तिची काळजी, आणि स्टँड मात्र उरलेल्या अँगलचा. समोरून दिसणारा अँगलचा सपाट भाग म्हणजे न मागता उभं केलेलं, मऊ पोलादाचं टार्गेट. नवशिक्याच्या चुकलेल्या गोळ्या नेमक्या तिथेच जातात. दोन उपाय आहेत. एक, लोखंडी पाय ठेवायचे पण प्लेटच्या मागे किंवा बरेच बाजूला. अँगलचा कोपरा नेमबाजाकडे करायचा, सपाट बाजू नाही. दुसरा आणि माझ्या पसंतीचा: घोडी पद्धतीचा लाकडी स्टँड. टोकांना लोखंडी जोड, पाय आणि आडवी दांडी लाकडाची. निलगिरीची बल्ली किंवा साधी फळी चालते. गोळी लाकडात घुसते, परत येत नाही. पाय फुटला की दुसरा. स्टँडचं लाकूड संपणारच, ते छर्ऱ्यांसारखंच खर्चात धरा.

आडवी दांडी प्लेटपासून हातभर वर ठेवा, खालच्या जोडांसमोर वाळूची पिशवी ठेवा.

दोन प्लेटा शेजारीशेजारी लावायच्या असतील तर मध्ये भरपूर अंतर, किंवा लाकडी आडोसा. एका प्लेटचे तुकडे पृष्ठभागालगत उडून सरळ दुसऱ्या स्टँडच्या पट्ट्यावर येतात आणि तो सुरीने कापल्यासारखा तुटतो.

खालची आणि मागची माती

माळव्याची काळी माती गोळी छान गिळते, पण पावसात स्टँड तिच्यात रुततो, प्लेटचं झुकणं बदलतं. पायांखाली फळ्या टाका आणि दर वेळी कोन तपासा. उन्हाळ्यात भेगा पडतात, स्टँड हलतो; तेव्हाही तेच.

खरा त्रास मुरमाचा. मागचा बांध स्वस्तात पडतो म्हणून मुरमाचा घालतात आणि मुरमात दगड असतात. चुकलेली गोळी दगडावर बसली की चांगल्यातली चांगली प्लेट काय करणार? बांधाचा पुढचा भाग चाळलेल्या मातीचा हवा, आणि प्लेटखालची दोन-तीन मीटर जमीन दगड वेचून साफ केलेली, शक्य तर वाळू टाकलेली. घराच्या गच्चीवर एअरगनसाठी प्लेट लावणाऱ्यांनी मागे जाड रबराची चटई किंवा चिंध्या भरलेली लाकडी पेटी ठेवावी, शेजारच्या खिडकीचा भरवसा धरू नये.

वापरताना

धक्का सोसणारा चष्मा सगळ्यांना. 'सगळ्यांना' म्हणजे मारणारा, मागे उभा असलेला, व्हिडिओ काढणारा, आणि एअरगन असली तरीही. बाजूने बंद असलेला घ्या. वाचायचा चष्मा चालत नाही. .२२ पासून पुढे कानाचं संरक्षणही. बघ्यांनी नेमबाजाच्या मागे राहायचं, बाजूला पुढे सरकून नाही.

प्रत्येक फेरीआधी प्लेट पांढऱ्या स्प्रेने रंगवा. काळा डाग कुठे पडला हे दुरून दिसतं आणि रंगवताना प्लेट जवळून पाहणंही होतं. बोट फिरवा: खड्डा, भेग, वर उचललेली कड बोटाला लागली की प्लेट उतरवा. नुसता शिशाचा करडा ठसा असेल तर काळजी नाही, तो खरवडून निघतो. किंचित वाकलेली प्लेट उलटी लावता येते, खोलगट बाजू पुढे ठेवू नका एवढंच. खड्डा पडलेली प्लेट वेल्डिंग भरून, ग्राइंडरने घासून 'नवी' करणारे भेटतील. ते काम तापवण्याचं आहे आणि तापवल्यावर काय होतं ते वर आलंच आहे. गंजाची चिंता करू नका, वरवरचा गंज प्लेटला काही करत नाही; बोल्ट, नट मात्र पावसाळ्यानंतर बदला.

प्लेटखाली शिशाची भुकटी साचते. ती झाडूने उडवू नका, पाणी शिंपडून फावड्याने गोळा करा आणि डब्यात बंद ठेवा. हात साबणाने धुतल्याशिवाय पोह्यांच्या प्लेटला हात लावायचा नाही. रेंजवरचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुवायला टाकू नका, घरात लहान मूल असेल तर बूटही दाराबाहेर.